वय झाले म्हणून दुखायलाच हवे?

गेल्या काही वर्षांत राज्यातील ज्येष्ठांच्या पदरात बऱ्याच सवलती पडल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांपुढच्या कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, काठी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकवेळचे तीन हजार रुपये मिळू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार विम्यात आले. त्याआधी २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला लगाम घातला. दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा नेहमीचा सांधा ५५ हजारांच्या आत आला. यातला एकही निर्णय वावगा नाही.

तरीही दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूने पाहिले की या यादीतली उणीव लगेच दिसते. एसटीचे तिकीट शून्य रुपयांचे झाले, पण गाडीची पहिली पायरी होती तेवढीच उंच राहिली. विमा मिळाला, पण तो रुग्णालयात दाखल झाल्यावरचा. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढीच त्याची पुढे-मागे धाव. सांधा स्वस्त झाला, पण तो बसवण्याआधीची आठ-दहा वर्षे माणूस कसा उठतो, कसा बसतो, रात्री किती वेळा जागा होतो, याचा हिशेब कुठल्याच खात्याकडे नाही. आपली सगळी मदत घराच्या उंबऱ्याबाहेर उभी आहे आणि ज्याला ती सर्वांत जास्त हवी, त्यालाच उंबरा ओलांडणे जड जाते. दीर्घकाळच्या दुखण्यावरचा उपचार घरापर्यंत नेल्याशिवाय ज्येष्ठांच्या आरोग्याविषयीचे धोरण पुरे होणार नाही.

प्रश्नाचा आकार लहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते आणि गोव्यात ११ टक्क्यांच्या पुढे. त्यानंतर ते वाढतच गेले आहे. मुंबईच्या देवनारमधील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्याची देशव्यापी पाहणी केली. तिच्यानुसार एकटे राहणारे ज्येष्ठ सुमारे सहा टक्के आहेत. बाकीचे जोडीदारासोबत, मुला-सुनांसोबत किंवा इतर नातेवाइकांसोबत राहतात. म्हणजे आपल्याकडचे म्हातारपण वृद्धाश्रमात नाही, घरातच जाते. दुखणेही घरातच निघते आणि घरातले त्याला इतके सरावतात की ते कोणाच्या लक्षातही येईनासे होते.

दीर्घकालीन वेदनेची व्याख्या साधी आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे किंवा पुन्हा पुन्हा उलटणारे दुखणे म्हणजे दीर्घकालीन वेदना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा मिळाली. दुखणे हे नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचे लक्षणच असते, हा जुना समज त्यामुळे मागे पडला. पुष्कळदा ते लक्षण असते. काही वेळा मात्र दुखणे हाच आजार होऊन बसतो.

हे कसे घडते, याचा उलगडा गेल्या साठ वर्षांत होत आला आहे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की, शरीरातून निघालेला वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. पाठीच्या कण्यात त्याला वाट दिली जाते किंवा अडवले जाते, आणि त्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या सूचनांचाही हात असतो. पुढच्या संशोधनातून दिसले की महिनोन्‌महिने असे संदेश येत राहिले तर मज्जासंस्थाच हळवी होते. चोरावर भुंकणारा राखणीचा कुत्रा वाऱ्याने हललेल्या पानावरही भुंकू लागावा, तसे हे असते. भुंकणे खरेच असते, फक्त दर वेळी चोर असतोच असे नाही. झोप मोडली, काळजी वाढली, एकटेपणा आला की हा हळवेपणा आणखी वाढतो. म्हणून ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून दुखणे उडवून लावणे जितके चूक, तितकेच प्रत्येक कळेमागे काही तरी तुटले-मोडले आहे असे धरून चालणे चूक.

दुसरी चूक आपल्याकडे एक्स-रे आणि एमआरआयच्या लिफाफ्यांतून घरोघर पोचली आहे. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’, ‘गुडघ्यातले वंगण संपले’ ही वाक्ये दवाखान्यातून बाहेर पडली की आयुष्यभर सोबत करतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील चकत्या झिजलेल्या दिसल्या, आणि त्यांना त्रास मात्र काहीच नव्हता. झीज आणि दुखणे यांचे नाते असते, पण ते सरळ गणिताचे नसते. वंगणाचा समज तर आणखी नुकसान करतो. वंगण संपले म्हटल्यावर माणूस गुडघा ‘जपायला’ लागतो, म्हणजे हलवणेच थांबवतो. प्रत्यक्षात सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण भोवतालच्या द्रवातून होते आणि तो द्रव आत-बाहेर खेळता राहण्यासाठी सांध्यावर दाब पडणे, सुटणे, म्हणजे हालचालच लागते.

आपल्या घरांतल्या दुखण्यांचे प्रकार ओळखीचे आहेत. गुडघ्यांची झीज सर्वांत पुढे; आयुष्यभर उकिडवे बसून भांडी घासलेल्या, वाकून भात लावलेल्या, डोक्यावरून पाणी वाहिलेल्या बायकांमध्ये ती अधिक जाचक ठरते. त्यानंतर कंबर, मान, खांदा. मधुमेह जुना झाला की तळव्यांची आग, मुंग्या, रात्री पायावर चादरही सहन न होणे सुरू होते. नागीण बरी झाल्यावरही तिच्या जागेवर महिनोन्‌महिने राहणारी जळजळ साठीनंतर जास्त आढळते. चिकुनगुन्या महाराष्ट्राला नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची मोठी साथ आली होती आणि २००६ नंतर तो पुन्हा पुन्हा येत राहिला. ताप चार दिवसांत उतरतो, सांधे मात्र काहींना महिनोन्‌महिने, तर काहींना वर्षानुवर्षे छळतात, आणि त्यांत वयस्क जास्त असतात. हाडे ठिसूळ झालेल्या आजींच्या मणक्याला बादली उचलण्याएवढ्या निमित्ताने चीर जाते, ‘उसण भरली’ म्हणून शेकले जाते आणि उंची दोन बोटे कमी झाल्यावर खरा प्रकार कळतो.

या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. आग, मुंग्या, वीज चमकल्यासारखी सणक ही नसांच्या दुखण्याची खूण असते. तिच्यावर नेहमीच्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. सकाळी उठल्यावर तासभर न सुटणारी बोटांची जखडण सूज असलेल्या संधिवाताकडे बोट दाखवते. बसून उठताना चार पावले अवघडणारा आणि चालल्यावर मोकळा होणारा गुडघा बहुधा झिजेचा असतो. ‘कुठे दुखते?’ एवढ्यावर न थांबता ‘कसे दुखते, कधी दुखते आणि त्यामुळे कुठले काम सुटले?’ असे विचारायला पाच मिनिटे जास्त लागतात. ओपीडीच्या रांगेत नेमकी तीच पाच मिनिटे मिळत नाहीत.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. शून्य ते दहाच्या पट्टीवर दुखणे किती, हे सांगताना माणूस गोंधळतो. पण काय सुटले हे तो नेमके सांगतो. देवळात जाणे सुटले. पोथी वाचायला मांडी घालून बसता येईना. बाजाराची पिशवी उचलवत नाही. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस महिनाभर खाली उतरलेला नाही. शौचाला बसले तर उठता येणार नाही, या भीतीने एखादी आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही आणि मग बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, चक्कर असे नवे आजार दुखण्याच्या पाठोपाठ येतात. त्यात बाईमाणूस असेल तर तक्रार आणखी उशिरा होते. घरातले शेवटचे जेवण होईपर्यंत ओट्याशी उभी राहणारी बाई ‘चालायचंच, वय झालं’ म्हणते, आणि तिच्या त्या म्हणण्यावर घरातले सगळे खुशाल विश्वास ठेवतात.

दुखते म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून मांड्यांचे स्नायू ढिले, स्नायू ढिले म्हणून सांध्यावर जास्त ताण आणि म्हणून आणखी दुखणे, असे हे रहाटगाडगे आहे. त्यातून पडण्याचा धोका वाढतो. बोस्टनमध्ये सत्तरीपुढच्या ७४९ जणांवर केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक ठिकाणचे सांधे दुखणारे लोक न दुखणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पडले, असे त्यात दिसले. खुब्याचे हाड मोडल्यावर आपली आरोग्यव्यवस्था जागी होते, रुग्णवाहिका येते, विमाही लागू होतो. त्याआधीची दोन वर्षे एखाद्या फिजिओथेरपिस्टने घरी येऊन मांड्यांचा व्यायाम शिकवण्याचा खर्च मात्र ‘बाह्यरुग्ण’ म्हणून विम्याबाहेर राहतो.

मधली जागा गोळी भरून काढते. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात ‘अंगदुखीची एक पट्टी द्या’ म्हटले की काम होते. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या वर्गातल्या गोळ्या दोन-चार दिवसांच्या दुखण्याला उपयोगी आहेत. वर्षानुवर्षे रोज घेतल्या तर वयस्कांच्या जठरातून रक्तस्राव, रक्तदाबात वाढ, पायांवर सूज आणि मूत्रपिंडांवर घाला असे परिणाम होऊ शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक ही तीन औषधे एकत्र आली तर मूत्रपिंड एकाएकी निकामी होण्याचा धोका विशेष असतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कमी पाणी पिणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत तो आणखी वाढतो. ही तीन औषधे लिहून देणारे बहुधा तीन वेगवेगळे डॉक्टर असतात आणि तिन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी कोणीच पाहिलेल्या नसतात. नसांच्या दुखण्यासाठीच्या प्रिगॅबलिनसारख्या औषधांनी गुंगी येते, तोल जातो; रात्री लघवीला उठणाऱ्याला हे सांगून ठेवावे लागते.

गावोगावच्या ‘गुडघ्याच्या पुड्या’ हे यापुढचे प्रकरण. जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, तिसऱ्या दिवशी जादूसारखा गुण देणाऱ्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे आणखी ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकते. यात दोष म्हाताऱ्या माणसाच्या भोळेपणाचा मानला जातो. खरे तर दुसरे कोणी त्याच्या दारापर्यंत आलेलेच नसते.

उलट टोकाची चूकही जगाने पाहिली आहे. अमेरिकेत नव्वदीच्या दशकात वेदना हे नाडी-रक्तदाबाप्रमाणे मोजण्याचे ‘पाचवे लक्षण’ ठरवले गेले. हेतू चांगला होता, पण पट्टीवरचा आकडा खाली आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग अफूजन्य गोळ्यांचा निघाला आणि त्यातून व्यसनाचे महासंकट उभे राहिले. आपल्याकडे याच्या नेमके उलट झाले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळेना. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली. कर्करोगाच्या आणि आयुष्याच्या अखेरच्या वेदनेत मॉर्फिन नाकारणे क्रूरपणाचे आहे. झिजलेल्या गुडघ्याला आणि वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला मात्र ते औषध नव्हे. दोन्ही देशांच्या अनुभवाचा धडा एकच: दुखण्याची नोंद हवी, पण ती माणूस काय करू शकतो याची हवी, आणि तिच्या जोडीला गोळीखेरीज द्यायला काही तरी हवे.

असे देण्यासारखे बरेच आहे आणि ते महागही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवर आपली पहिली मार्गदर्शिका काढली. तिच्यात ज्येष्ठांचाही विचार आहे. नियमित व्यायाम, दुखण्याविषयी नीट समजावून सांगणे आणि मानसोपचाराचे काही प्रकार यांची तिने शिफारस केली. कमरेचे पट्टे, वजन लावून ओढणे म्हणजे ट्रॅक्शन, आणि अफूजन्य औषधे नेहमीचा उपाय म्हणून वापरू नयेत, असे सांगितले. आपल्या वयोश्री योजनेच्या साधनांच्या यादीत कमरेचा पट्टा आहे. व्यायाम शिकवणारा माणूस नाही. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण वस्तू वाटता येते आणि तिचा फोटो निघतो. सहा महिने चिकाटीने करून घेतलेल्या व्यायामाचा निघत नाही.

गुडघ्याच्या झिजेबाबत ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने व्यायाम सर्वांसाठी सांगितला, वजन जास्त असेल तर ते उतरवायला सांगितले आणि औषधांत पहिला मान पोटात घ्यायच्या गोळीला न देता वरून चोळायच्या जेलला दिला. व्यायामही अवघड नाहीत. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि काही सेकंद तसाच धरायचा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचे-बसायचे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. व्यायामानंतर थोडे दुखणार, हे आधीच सांगावे लागते. ते दुसऱ्या सकाळपर्यंत निवळले तर मात्रा बरोबर, नाही निवळले तर कमी करायची. बरे वाटले त्या दिवशी माळा आवरायला काढायचा आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे, ही सवय मोडावी लागते. काम थोडे थोडे, वाटून, मध्ये बसून करायचे.

घरातले बदलही उपचारच असतात. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरली जाते. ती विरुद्ध हातात हवी आणि तिची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. मोरीत आणि संडासात भिंतीला दांडा, अंघोळीला स्टूल, ओट्याशी उंच खुर्ची, पलंगापासून संडासापर्यंत रात्री जळणारा छोटा दिवा, पायाखालच्या सतरंज्यांची हकालपट्टी. यातल्या कशालाही तज्ज्ञ डॉक्टर लागत नाही. घर पाहून सुचवणारा कोणी तरी लागतो.

जे सांगू शकत नाहीत, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा अचानक चिडू लागले, अंघोळ घालताना हात झटकू लागले, रात्रभर ओरडू लागले की घरातले झोपेचे औषध मागतात. २०११ मध्ये नॉर्वेतील शुश्रूषागृहांत झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांना पायरीपायरीने वेदनेवरचे उपचार दिले गेले, बहुतेकांना साधे पॅरासिटामॉल, आणि त्यांची चिडचिड लक्षणीय कमी झाली. कपाळावरची आठी, कण्हणे, एखादा भाग हलवू न देणे ही वेदनेची भाषा असते. ती घरी सांभाळणाऱ्या सुनेला, मुलीला, ब्यूरोतून आलेल्या मावशींना शिकवता येते. मुले परदेशात आणि आई-वडील पुण्याच्या फ्लॅटमध्ये, अशा घरांत तर व्हिडिओ कॉलवर दिसणारा हसरा चेहरा दिवसभराच्या दुखण्याबद्दल काहीच सांगत नाही. तिथे पैशाची चणचण नसते, नियमित पाहणारे डोळे कमी पडतात.

अर्थात प्रत्येक दुखणे घरच्या घरी निभावून न्यायचे नसते. रात्री झोपेतून उठवणारे आणि वाढतच जाणारे दुखणे, सोबत वजन उतरणे किंवा ताप, पायातली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, लहानशा धक्क्यानंतर पाठीत उठलेली तीव्र कळ, यांना उशीर चालत नाही. गुडघा पुरता गेला असेल तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया अनेकांना पुन्हा चालते करते. पण शस्त्रक्रियेनंतरही पाचातल्या साधारण एकाला दुखणे राहते, हे आधी सांगितले पाहिजे. आणि तिचे यश नंतरच्या काही महिन्यांच्या व्यायामावर ठरते, जो विम्याच्या पंधरा दिवसांत मावत नाही.

हे सारे करायचे कोणी? नवे खाते उघडण्याची गरज नाही. पालक आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय आणि त्या कामाचा अनुभव असलेला वैद्यकीय अधिकारी अपेक्षिला आहे. २०१०-११ पासून चालू असलेल्या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात फिजिओथेरपीची तरतूद आहे. गावपातळीवर आरोग्यवर्धिनी केंद्रे आहेत, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आणि त्यांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी हा विषयही आहे. आशा कार्यकर्ती रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीसाठी घरोघर जी प्रश्नावली भरते, तिच्यात साठीपुढच्यांसाठी तोल जातो का, रोजच्या कामांना मदत लागते का, घरच्यांची नावे विसरता का, असे प्रश्न आहेतच. त्यांच्याबरोबर ‘तीन महिन्यांहून जास्त काळ काही दुखते का आणि त्यामुळे कुठले काम सुटले?’ हा प्रश्न विचारला जावा. त्याचे उत्तर होकारार्थी आले तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने सगळ्या गोळ्या एका जागी मांडून पाहाव्यात आणि फिजिओथेरपिस्टची भेट ठरवावी.

यावर पहिला आक्षेप येईल तो आशांवरच्या ओझ्याचा, आणि तो खरा आहे. त्यांच्या डोक्यावर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. म्हणून या कामाचा वेगळा मोबदला हवा, आणि प्रश्न विचारल्यावर पुढे पाठवायला ठिकाण हवे; नाही तर आणखी एक रकाना भरला जाईल, एवढेच. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. फिजिओथेरपिस्ट शहरांत एकवटले आहेत, हेही खरे. पण प्रत्येक भेट त्यांनीच द्यावी असे नाही. एकाने तालुक्यातल्या दहा गावांत महिन्यातून एकदा जावे, व्यायाम बसवून द्यावा आणि मधल्या आठवड्यांत ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र किंवा समाजमंदिरात गटाने तो चालू राहावा. शेजारच्या चौघांबरोबर केलेला व्यायाम टिकतो, आणि त्यातून एकटेपणावरही उतारा मिळतो. राज्यात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे दाट आहे. सहली आणि वाढदिवसांबरोबर हे कामही त्यांना शोभेल. जे घराबाहेर पडूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी मात्र घरभेटीला पर्याय नाही.

घरभेटीचे असे जाळे उभे राहू शकते, हे केरळने दाखवले आहे. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही डॉक्टरांनी वेदना आणि परिहार सेवेची संस्था सुरू केली. सुरुवात कर्करोगाच्या रुग्णांपासून झाली. पुढे शेजारपाजारचे स्वयंसेवक त्यात आले, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले इतर रुग्ण आणि वृद्धही आले. २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आखले आणि ग्रामपंचायतींच्या निधीतून परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. केरळची साक्षरता, केरळच्या पंचायती आपल्याकडे नाहीत, असे म्हणून हे उदाहरण बाजूला सारता येईल. पण सहकार, बचतगट, ज्येष्ठ नागरिक संघ आणि स्वयंसेवी आरोग्यसंस्थांची परंपरा असलेल्या राज्याने तसे म्हणणे बरे दिसत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतो. एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर जेवढा पैसा लागतो, तेवढ्यात कित्येक ज्येष्ठांच्या घरी वर्षभर भेटी होऊ शकतात. यातून शस्त्रक्रियांची गरज संपणार नाही, पण काहींची लांबेल, काहींची टळेल आणि ज्यांची होईल त्यांची अधिक यशस्वी होईल. विमा योजनेत घरपोच फिजिओथेरपीच्या ठरावीक भेटींचा समावेश, वयोश्रीच्या यादीत मोरीतल्या दांड्याला आणि तो बसवून देण्याला जागा, सरकारी घरकुलांच्या आराखड्यात असा दांडा मुळातच, आणि नव्या एसटी गाड्यांत खालच्या पायरीची सोय, या मागण्या डोंगराएवढ्या नाहीत.

सत्तरीच्या गुडघ्याला तिशीचा करता येत नाही, हे ज्येष्ठांना कोणी सांगावे लागत नाही. संपूर्ण वेदनामुक्तीचे आश्वासन देणारा डॉक्टर असो वा जाहिरात, दोघांपासून त्यांनी सावध राहावे. राज्याकडून त्यांनी अपेक्षा ठेवायची ती सुटलेली कामे जमतील तेवढी परत मिळवून देण्याची. रक्तदाब आणि मधुमेहाची अशी नियमित, वर्षानुवर्षांची देखरेख आपण करू लागलोच आहोत. दुखण्याला त्याच रांगेत बसवायचे आहे. पुढच्या अर्थसंकल्पात शस्त्रक्रियांच्या तरतुदीशेजारी ज्येष्ठांच्या घरभेटींसाठी एक स्वतंत्र ओळ घातली गेली, आणि तो निधी खरोखर किती घरांत पोचला हे विधिमंडळात दरवर्षी विचारले गेले, तर सुरुवात झाली असे म्हणता येईल.